बरी सेंट एडमंड्स मठाची चकमकीच्या दगडाची आवारभिंत

इंग्लंडच्या सफोक परगण्यातील बरी सेंट एडमंड्स या गावी जुन्या बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या) मठाच्या आवाराला वेढणारी मध्ययुगीन भिंत. चकमकीचे ओबडधोबड गोटे चुन्यात बसवून ती उभारलेली असून मूळ वेढ्याचे काही भाग आजही टिकून आहेत. 869 मध्ये डेन (डेन्मार्ककडील) आक्रमकांनी मारलेल्या पूर्व इंग्लंडच्या एडमंड राजाच्या अवशेषांभोवती हे तीर्थक्षेत्र वाढले. 1020 मध्ये येथे बेनेडिक्टाइन मठ स्थापन झाला आणि पुढे तो इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक बनला.

एवढ्या श्रीमंत मठाने असला खडबडीत दगड वापरला, कारण पूर्व इंग्लंडात बांधकामाजोगा दुसरा दगड फारसा नाही. जमिनीखाली खडूचा जाड थर आहे आणि त्यात चकमकीचे गोळे सापडतात. क्रिटेशस काळातील (डायनोसॉरांच्या शेवटच्या युगातील) समुद्रात स्पंजसारख्या जीवांच्या सांगाड्यांतली सिलिका विरघळून पुन्हा साकळली, त्यातून हे गोळे बनले. घडीव चुनखडक बार्नॅक या गावच्या खाणीतून आणावा लागे. तो महाग पडे, म्हणून कोपरे, कमानी आणि दर्शनी भागांसाठीच राखून ठेवत.

चकमक काचेसारखी कठीण असते आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. त्यामुळे चुना तिला घट्ट धरत नाही, शिवाय सावकाश सुकतो. गवंडी थोडी उंची बांधून थांबत आणि थर आवळल्यावर पुढचा चढवत. घाई केली तर ओली भिंत पोटातून फुगे. गोट्यांना सरळ कड नसल्याने कोपऱ्याला दुसरा दगड किंवा वीट लागतेच. अशा भिंतीचा सगळा भार खरे तर चुन्यावर असतो.

आवाराला भिंत होती तरी गावकऱ्यांपासून मठाचे संरक्षण झाले नाही. बाजार, कर आणि गावकारभार मठाच्या हाती असल्याचा राग साठत गेला आणि 1327 मध्ये लोकांनी आत घुसून लूटमार केली. त्यानंतर नवे महाद्वार बांधण्यात आले. त्याचा दर्शनी भाग कोनाडे आणि कोरीवकामाने सजवलेला असला, तरी वरून खाली सोडायच्या जाळीदार दरवाजाची सोय त्यात होती. म्हणजे शोभेइतकीच धास्तीही त्यात दिसते. पूर्वेला लार्क नदीवरचा ‘ॲबट्स ब्रिज’ हा पूल याच वेढ्याचा भाग आहे.

1539 मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत मठ बरखास्त झाला आणि त्याची इमारत ही गावाची दगडखाण बनली. लोकांनी घडीव चुनखडक सोलून नेला. आतला चकमक-चुन्याचा गाभा फोडायला जड आणि विकायला हलका, म्हणून तो मागे राहिला. मठाच्या चर्चचे आजचे अवशेष वाळवीच्या वारुळांसारखे बेढब दिसतात ते यामुळेच. पश्चिम दर्शनी भागाच्या गाभ्यात तर पुढे लोकांनी घरेच बांधली.

अशा भिंतींना आज दगडापेक्षा जुन्या डागडुजीचा त्रास अधिक होतो. सिमेंटने दगडांमधल्या फटी भरल्या की आत मुरलेले पाणी कोंडते, कडाक्याच्या थंडीत ते गोठून फुगते आणि भोवतालचा मऊ चुना भुगा होऊन गोटे सुटतात. म्हणून जाणकार दुरुस्तीत सिमेंट काढून पुन्हा चुनाच भरतात आणि तो पक्का होईपर्यंत ओल्या गोणपाटाने झाकून ठेवतात.