गुंडाळी कोरियाची, मुलामा माणगावचा: कोरियन कंपन्या परदेशात कारखाने का काढतात

रायगड जिल्ह्यात माणगावजवळ विळे-भागाड औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या पॉस्को या कोरियन पोलाद कंपनीच्या कारखान्यात कोरियाहून बोटीनं पोलादाच्या गुंडाळ्या येतात. एकेक गुंडाळी वीसेक टनांची, पत्रा दोन-तीन मिलिमीटर जाड आणि अंगावर काळपट पापुद्रा. हा पत्रा आधी आम्लात धुतला जातो, मग थंड अवस्थेत लाटून मिलिमीटरपेक्षा पातळ केला जातो, भट्टीत मऊ केला जातो आणि शेवटी सुमारे ४६० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तातून काढला जातो. गाडीचं दार किंवा बॉनेट ज्यापासून बनतं, तो पत्रा तयार होतो.

पोलाद वितळवायचं अवजड काम कोरियात आणि शेवटचा नाजूक हात इथे, अशी विभागणी करण्यामागे गंजाचं साधं रसायन आहे. जाड, काळपट पत्रा समुद्रप्रवासात थोडा गंजला तरी बिघडत नाही, कारण पुढे तो आम्लात धुतला जाणारच असतो. जस्त चढवलेल्या पत्र्याचं तसं नाही. उघड्या हवेत जस्तावर कार्बोनेटचा घट्ट थर बसतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. पण गुंडाळीच्या दोन वेढ्यांमध्ये पाणी अडकलं, तर हवा पुरेशी पोचत नाही. मग हा थर बनत नाही आणि त्याऐवजी जस्ताच्या हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी धरते. तिला पांढरा गंज म्हणतात. असे डाग पडलेला पत्रा गाडीच्या बाहेरच्या भागांना चालत नाही. शिवाय गाड्या बनवणाऱ्यांची मागणी दर आठवड्याला बदलते. आज ही रुंदी, उद्या ती जाडी. बोट यायला काही आठवडे लागत असतील, तर ही मागणी पुरवणं जमत नाही.

कोरियन कंपन्या बाहेर का जातात, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘स्वस्त मजुरी’ एवढ्यावर संपवलं जातं. ते अपुरं आहे. वस्तूला सीमा ओलांडताना काय किंमत मोजावी लागते आणि ती किंमत कुठल्या टप्प्यावर सर्वांत कमी पडते, हे आधी पाहायला हवं.

दक्षिण कोरियाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आतच आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. तिथे वर्षाला १६-१७ लाख नव्या गाड्या खपतात. ह्युंदाई आणि किया मिळून जगभर विकतात त्या ७० लाखांच्या वर. एवढा माल घरात खपणं शक्यच नाही. पण म्हणून कारखानाच बाहेर न्यायला हवा असं नाही. निर्यात करता येते आणि कोरियानं अनेक वर्षं तेच केलं. कारखाने बाहेर गेले ते निर्यात अडल्यावर किंवा महाग पडायला लागल्यावर. १९८२ मध्ये गोल्डस्टारनं, म्हणजे आजच्या एलजीनं, अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सव्हिलला रंगीत टीव्हीचा कारखाना काढला. तिथली मजुरी कोरियाच्या कितीतरी पट होती. तरी जावं लागलं, कारण अमेरिकेनं कोरियन टीव्हीच्या आयातीवर मर्यादा घातली होती. स्वस्त मजुरीचा शोध नंतरचा. १९८७ च्या लोकशाही आंदोलनानंतर कोरियात कामगारांचे मोठे संप झाले, पगार झपाट्यानं वाढले, आणि बुसानचे बूट शिवणारे कारखाने इंडोनेशिया, चीन, व्हिएतनामकडे गेले.

गाडीचं गणित मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. गाडीची किंमत १० लाख, तयार गाडीवर आयात शुल्क ७० टक्के. म्हणजे प्रत्येक गाडीमागे ७ लाख सीमेवरच गेले. आता ८,००० कोटींचा कारखाना काढला, वर्षाला २ लाख गाड्या काढल्या आणि तो १० वर्षं चालला, तर इमारत-यंत्रांचा बोजा गाडीमागे ४० हजार पडतो. पण त्याच कारखान्यातून वर्षाला १० हजारच गाड्या निघाल्या, तर बोजा ८ लाख होतो. त्यापेक्षा शुल्क भरलेलं स्वस्त. निर्णय ठरतो तो खपावर.

इथे चूक झाली की काय होतं, हे कॅनडातल्या ब्रोमाँटला दिसलं. ह्युंदाईनं १९८९ मध्ये तिथे वर्षाला एक लाख गाड्यांच्या क्षमतेचा कारखाना सुरू केला. सोनाटा गाडी अपेक्षेएवढी खपली नाही आणि १९९३ मध्ये तो बंद करावा लागला. त्यानंतर उत्तर अमेरिकेत परत कारखाना काढायला, म्हणजे अलाबामात, कंपनीला २००५ उजाडलं.

भारतात मात्र नियमच असे होते की अर्धवट येणं शक्य नव्हतं. ह्युंदाईची भारतीय कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली आणि १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर भागातून सँट्रो बाहेर पडली. १९९७ च्या धोरणानुसार नव्या गाडी कंपन्यांना तीन वर्षांत ५० टक्के आणि पाच वर्षांत ७० टक्के भाग देशातलेच वापरण्याचं बंधन होतं. पुढे जागतिक व्यापार संघटनेत वाद होऊन ही अट गेली, पण तोवर कोरियन पुरवठादार कंपन्यांनी ह्युंदाईच्या आजूबाजूला आपले कारखाने बांधले होते.

हे पुरवठादार कुठल्या क्रमानं येतात, याला भौतिक कारणं आहेत. सीट म्हणजे बरीचशी हवा. कंटेनरमध्ये सीट भरून पाठवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. त्यातून लाइनवरची पुढची गाडी कोणत्या मॉडेलची, आतला रंग कोणता, हे गाडी पेंट शॉपमधून बाहेर पडल्यावर नक्की होतं, आणि तिथून दोन-तीन तासांत नेमकी तीच सीट लाइनवर हवी असते. उशीर झाला की लाइन थांबते. म्हणून सीटवाला शेजारीच हवा. बंपर आकारानं मोठा आणि ओरखडे पडणारा, म्हणून तोही जवळ. इंजिन आणि गिअरबॉक्सचे भाग मात्र आकाराच्या मानानं महाग, पेटीत घट्ट बसणारे. ते वर्षानुवर्षं बोटीनं येऊ शकतात.

पत्र्याचं दुखणं वेगळं. दाराचा पत्रा साच्यात दाबून वर उचलला की तो किंचित मागे उसळतो. साचा कोरियात बनतो तेव्हा कोरियन पोलाद किती उसळतं ते धरूनच त्याला आकार दिलेला असतो. दुसऱ्या गिरणीचा पत्रा घातला आणि त्याचा ताण सोसण्याचा गुण थोडा जरी वेगळा निघाला, तर दाराची फट मिलिमीटरभर चुकते. मग कित्येक टनांचा साचा पुन्हा घासत बसावं लागतं. गाडीवाल्यामागोमाग पोलादवाला का निघतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

फोनचं गणित याच्या उलट चालतं. २०० ग्रॅमचा फोन विमानानं जगभर जातो, भाडं नगण्य. म्हणून सॅमसंगला गिऱ्हाइकाजवळ असण्याची गरज नव्हती. २००९ पासून तिनं व्हिएतनाममधल्या बाक निन्ह इथे प्रचंड उत्पादन एकवटलं: मजुरी कमी, करसवलत मोठी, चीनमधले पुरवठादार हाकेच्या अंतरावर. २०१९ मध्ये चीनमधला आपला शेवटचा फोन कारखाना बंद केला. मग त्याच सॅमसंगनं नोएडात फोनचा कारखाना का वाढवला? भारतानं २०१७-१८ मध्ये तयार फोनवरचं आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. जे भाडं विमानानं वाचवलं, ते सीमेवर द्यावं लागणार होतं. २०१८ च्या जुलैत नोएडाच्या वाढीव कारखान्याचं उद्घाटन झालं.

गणित बरोबर असूनही डाव फसतो, तो राजकारणामुळे किंवा जमिनीमुळे. पॉस्कोनं २००५ मध्ये ओडिशात १२ अब्ज डॉलर्सच्या प्रकल्पाचा करार केला. लोहखनिज जवळ, बंदर जवळ, कागदावर उत्तम. गावकऱ्यांची विड्याच्या पानांची शेती आणि वनजमीन आड आली, खाणीचा प्रश्न सुटला नाही, आणि २०१७ मध्ये कंपनीनं नाद सोडला. गावकऱ्यांच्या जमिनीची किंमत त्या गणितात नीट धरलीच नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१७ मध्येच लोटे कंपनीनं कोरियातलं आपलं गोल्फ मैदान अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेसाठी दिलं, त्यावर चीन बिथरला, आणि तिथली लोटेची बहुतेक दुकानं अग्निसुरक्षेचं कारण दाखवून बंद झाली. ह्युंदाईनं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा वर्षाला दोन लाखांहून जास्त गाड्या काढू शकणारा कारखाना युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर १० हजार रूबलना विकायचं ठरवलं. म्हणजे साधारण नऊ हजार रुपये! परत विकत घेण्याचा हक्क दोन वर्षांपुरता राखून.

अमेरिकेत जॉर्जियात वेगळीच अडचण आली. ४ सप्टेंबर २०२५ ला ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर इमिग्रेशन खात्याची धाड पडली. ४७५ जण ताब्यात घेतले गेले, त्यात तीनशेहून अधिक कोरियन. बॅटरीच्या लाइनमध्ये धातूच्या पातळ पट्टीवर रसायनाचा लेप मायक्रॉनच्या हिशेबात सारखा बसवावा लागतो. ती यंत्रं कोरियात बनतात, म्हणून ती जुळवणारे तंत्रज्ञही तिथूनच न्यावे लागतात. काही महिन्यांच्या अशा कामासाठी सोयीचा व्हिसा नसल्यानं अनेक जण अल्पमुदतीच्या व्हिसावर किंवा व्हिसा-सवलतीवर गेले होते. गुंतवणूक मागायची आणि ती उभी करणाऱ्या माणसांना साखळ्या घालायच्या, हे कोरियात लोकांना फार लागलं.

तळेगावात ह्युंदाईनं निराळी वाट धरली. जनरल मोटर्सनं २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवलेला कारखाना घेण्याचा करार तिनं २०२३ मध्ये केला आणि २०२५ मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या. तयार कारखाना घेतला की जमीन, वीज, पाणी, इमारती आयत्या मिळतात. पण वेल्डिंगचे सांगाडे आणि प्रेसचे साचे एकेका मॉडेलसाठीच बनलेले असतात; ते सगळे नव्यानं आणावे लागतात. पुरवठादारांचं मात्र श्रीपेरुंबुदूरसारखं नाही. चाकण-तळेगाव पट्ट्यात सीटवाले, बंपरवाले, वायरिंगवाले गेल्या दोन-तीन दशकांपासून बसलेले आहेत, आणि जस्त चढवलेला पत्रा घाटाखाली माणगावातच तयार होतो.