परीक्षा एकाची, तयारी घराण्याची

१८३२ साली चीनच्या हूनान प्रांतातला त्संग लिनशू नावाचा एक गावमास्तर सरकारी परीक्षेची पहिली पायरी एकदाची चढला. ही त्याची सतरावी खेप, आणि वय चाळिशीपुढे गेलेलं. पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा त्संग क्वोफान तीच परीक्षा पास झाला. १८३८मध्ये तो ‘जिनशी’, म्हणजे सर्वांत वरची पदवी, मिळवून बीजिंगच्या दरबारात लागला. आजोबा शेतकरी, बाप मास्तर, नातू बादशहाच्या चाकरीत! गरिबाचं पोरही वर चढू शकतं हे सांगायला चिनी साम्राज्याला याहून सोयीचं उदाहरण सापडलं नसतं. फक्त एक गोष्ट ध्यानात धरायला हवी: या मुलाला घरी शिकवणारा मास्तर म्हणजे सोळा वेळा नापास झालेला त्याचा बापच होता.

परीक्षा घेऊन अधिकारी नेमायची पद्धत सुई राजवटीत (५८१–६१८) सुरू झाली आणि तांग काळात रुजली. पण तांग काळात उत्तरपत्रिकेवर नाव बहुधा उघडंच असायचं. उमेदवार आपल्या कविता बड्या लोकांकडे आधीच पोचवून ठेवायचे. वर्षाला जेमतेम २०-३० जण जिनशी व्हायचे, आणि पन्नाशीत जिनशी झालेला तरुणच समजावा, अशी तेव्हाची म्हण होती. जुन्या खानदानांचं या परीक्षेने लगेच काही बिघडलं नाही.

खरा बदल सुंग काळातला (९६०–१२७९). खानदानांच्या जोरावर नव्हे, तर आपल्या मर्जीवर उभा राहणारा अधिकारीवर्ग या बादशहांना हवा होता. म्हणून उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायला सुरुवात झाली. अक्षरावरून माणूस ओळखला जाऊ नये म्हणून कारकुनांकडून अख्खी उत्तरपत्रिका पुन्हा लिहून घेतली जाऊ लागली, आणि परीक्षकांच्या नातेवाइकांची परीक्षाही वेगळी घेतली जाऊ लागली. १०५७ साली मुख्य परीक्षक होता ओउयांग श्यू. एक निबंध त्याला फार आवडला. पण तो आपल्याच शिष्याचा असेल आणि लोक बोट दाखवतील, या धास्तीने त्याने त्याला दुसरा क्रमांक दिला. निबंध निघाला सु शी नावाच्या सिचुआनच्या तरुणाचा.

म्हणजे नाव झाकण्याची युक्ती चालली. पण हा तरुण आला कुठून? बाप सु श्युन स्वतः परीक्षेत नापास झालेला. दोन्ही मुलांना घेऊन तो राजधानीला आला होता, आणि दोघेही भाऊ त्याच वर्षी पास झाले. बाप घराबाहेर असायचा तेव्हा सु शीला आईने शिकवलं होतं. परीक्षक ओउयांगची कथाही तशीच: बाप लहानपणीच गेला, कागद घ्यायला पैसे नाहीत, म्हणून विधवा आईने जमिनीवर बोरूच्या काडीने अक्षरं गिरवून घेतली. परीक्षेच्या नोंदवहीत उमेदवाराचा बाप, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या लिहाव्या लागत. ज्यांनी पहिलं अक्षर शिकवलं त्या बायकांचं मात्र तिथे फार तर आडनाव येई.

या नोंदवहीच्या बाहेर बरंच काही राही. नट, वेश्या, कचेरीतले शिपाई यांसारख्या ‘हीन’ ठरवलेल्या लोकांच्या मुलांना परीक्षेला बसताच येत नसे. आई किंवा वडील वारले, तर २७ महिने सुतक, आणि तेवढ्या काळात परीक्षाही नाही. बाकीच्यांना दार उघडं होतं, पण आत शिरण्यासाठी सुमारे चार लाख अक्षरांचे ग्रंथ पाठ हवेत. पाच-सहा वर्षांच्या पोराला पुढची वीस वर्षं शेतीकामाला न लावणं ज्याला परवडेल, तोच घराचा उंबरा ओलांडून या दारापर्यंत जाई.

हे परवडावं कसं, याचं उत्तर सूचौच्या फान कुळाने दिलं. फान चोंगयान (९८९–१०५२) दोन वर्षांचा असताना वडील वारले, आईने चू घराण्यात दुसरं लग्न केलं. १०१५मध्ये तो जिनशी झाला तो सावत्र बापाचं आडनाव लावूनच. फान हे नाव त्याने नंतर परत घेतलं. मोठ्या हुद्द्यावर पोचल्यावर त्याने भाऊबंदांसाठी सुमारे १,००० मू, म्हणजे अंदाजे १४० एकर, जमीन कायमची लावून दिली. तिच्या उत्पन्नातून कुळातल्या सर्वांना धान्य, कापड, लग्नाचा आणि मयताचा खर्च मिळे. १०७३मध्ये त्याच्या मुलांच्या काळात नियमांत भर पडली: राजधानीच्या परीक्षेला जाणाऱ्याला नाण्यांच्या १० माळा, आणि तोच पुन्हा गेला तर निम्म्या. ज्याने कोणी हे कलम लिहिलं, त्याने घरात दोन-चार नापास पोरं पाहिलेली असणार. ही व्यवस्था विसाव्या शतकापर्यंत टिकली, आणि पुढे अनेक कुळांनी तिची नक्कल केली.

या परीक्षेने खरंच नवी घरं वर आली का, यावर विद्वानांत वाद आहे. सुंग काळातल्या ११४८ आणि १२५६च्या यशस्वी उमेदवारांच्या याद्या तपासून एडवर्ड क्रॅके यांनी दाखवलं की निम्म्याहून अधिक जणांच्या मागच्या तीन पिढ्यांत कुणीही अधिकारी नव्हता. रॉबर्ट हाइम्स आणि इतरांचं म्हणणं असं, की काका, मामा, सासरे बघा, मग चित्र बदलतं. मला हे दुसरं म्हणणं अधिक पटतं: भाऊबंदकी आणि सोयरीक सोडून चिनी घर मोजायचं म्हणजे अर्धंच घर मोजणं.

घराण्याचं बळ कधीकधी उलटायचंही. १६५७मध्ये नानजिंगच्या परीक्षेत फांग चांगयुए नावाचा तरुण पास झाला. मुख्य परीक्षकही फांगच! एकाच कुळातले म्हणून वशिला लावला, असा आरोप झाला. आमचं कूळच वेगळं, असं बापाने दरबारात सांगितलं. परीक्षकांना मृत्युदंड झाला, आणि फांग घराण्याला उत्तरेकडे निंगूताला हद्दपार केलं.

पण सगळ्यात महाग पडलं ते एक अपयश. क्वांगचौजवळच्या एका शेतकरी घरातला हुंग श्यूच्वान हुशार म्हणून नातेवाइकांनी कपडे दिले, मास्तरांनी फी घेतली नाही. तो चार वेळा नापास झाला. १८३७च्या नापासीनंतर आजारात त्याला दृष्टान्त झाले, आणि पुढे त्यातूनच ताइपिंग बंड उभं राहिलं (१८५०–१८६४). त्यात कोट्यवधी माणसं मेली. गंमत म्हणजे नानजिंग ताब्यात येताच या बंडखोरांनीही आपल्या परीक्षा सुरू केल्या. त्यांच्याविरुद्ध फौज उभी केली ती त्संग क्वोफानने. आईच्या सुतकासाठी तो गावी आला होता, आणि ही फौज त्याने भाऊ, गावकरी आणि ओळखीचे पदवीधर यांच्यातूनच जमवली. १८६४मध्ये नानजिंग घेणाऱ्या सैन्याचा सेनापती त्याचा धाकटा भाऊ होता.

शेवटची जिनशी परीक्षा १९०४मध्ये झाली, आणि १९०५च्या सप्टेंबरात फर्मान काढून सगळी पद्धतच बंद केली. शान्शीतल्या एका खेड्यातल्या लिऊ दापेंगला १८९४मध्ये प्रांतिक पदवी मिळाली होती, थोरल्या मुलाला १९०२मध्ये. लिऊ स्वतः एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवून घर चालवत होता. फर्मानाची बातमी कळल्यावर आपल्यासारख्या मास्तरांनी आता पोट कसं भरायचं, असं त्याने रोजनिशीत लिहिलं. पुढे तो कोळशाच्या खाणींच्या धंद्यात शिरला, आणि म्हातारपणी स्वतः शेतात राबू लागला.