अतिक्रमण: हेतू आणि हद्द

'अतिक्रमण' म्हटले की आता डोळ्यांपुढे जेसीबीच येतो. मुळात हा शब्द जमिनीपुरता नव्हता. जैन आचारशास्त्रात व्रतभंगाच्या चार पायऱ्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. पैकी अतिक्रम नुसता मनात घडतो. शीलाचे कुंपण ओलांडले जाते ते दुसऱ्या पायरीवर.

१८६० च्या दंडसंहितेतही मन आहेच. कलम ४४१ नुसार दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरणे एवढ्याने गुन्हा होत नाही. गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा उद्देश लागतो. हिंदीत याला 'आपराधिक अतिचार' म्हणतात. मराठीत झाले 'फौजदारीपात्र अतिक्रमण', आणि घोळ तिथेच झाला, कारण पदपथावरची टपरीही आपल्याकडे अतिक्रमणच. इंग्रजीत या दोहोंना वेगळे शब्द आहेत. फेरीवाल्यांच्या तोंडी तर 'अतिक्रमणवाले' म्हणजे माल उचलून नेणारे पथक!

हा गुंता सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो मुंबईच्या पदपथवासीयांमुळे. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसात, त्यांना हटवून शहराबाहेर धाडायचे ठरले. त्याविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला १० जुलै १९८५ ला. उपजीविकेचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, हे घटनापीठाने मानले. ही माणसे नाइलाजाने तिथे राहतात, कुणाला त्रास द्यायला नव्हे, म्हणून ४४१ खाली गुन्हेगार ठरत नाहीत, हेही मानले. तरी पदपथ सर्वांचा, तेव्हा झोपड्या हटवता येतील! १८८८ च्या पालिका कायद्यातले, विनानोटीस हटवू देणारे कलम ३१४ वैध ठरले. एरवी नोटीस द्यावी, एवढेच. १९७६ च्या झोपड्यांच्या गणनेचे ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा, आणि सगळ्यांनाच ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत. गरिबांचा विजय म्हणून हा निकाल शिकवला जातो. अनेकांच्या पदरात पडला तो एक पावसाळा.

पुढे महाराष्ट्रात हेतूचा प्रश्न मागे पडला आणि तारीख आली. झोपडी १ जानेवारी १९९५ पूर्वीची असेल तर संरक्षण. नंतर ही तारीख १ जानेवारी २००० झाली. 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द तेव्हापासून झोपडपट्टीत घरोघरी आहेत.

१ जुलै २०२४ पासून ४४१ ची जागा नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ ने घेतली. उद्देशाची अट तीच, कमाल कैद तीच तीन महिन्यांची. दंड तेवढा ५०० रुपयांवरून ५,००० झाला.