होमरचा गळ आणि ॲडिरॉन्डॅकचं जळकं रान

मासेमारीची चित्रं काढणारे अमेरिकेतले गळवाले आज जंगलतोड आणि वणव्यांबद्दल बोलू लागले, की अनेकांना ते हल्लीचं पर्यावरणप्रेम वाटतं. पण या काळजीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचा माग काढत गेलं की न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत विन्स्लो होमर हा अमेरिकन चित्रकार भेटतो.

होमर १८३६ साली बोस्टनला जन्मला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी सैनिकांची चित्रं काढून त्याने नाव कमावलं, पण जीव रमला तो पाण्याकाठी. १८७० मध्ये तो मिनर्व्हा गावाजवळ बेकर कुटुंबाच्या शेतावर उतरला. पुढे त्याच जागी शौकीन लोकांचा क्लब उभा राहिला, नॉर्थ वुड्स क्लब. होमर १८८८ मध्ये त्याचा सभासद झाला. थोरला भाऊ चार्ल्स मासेमारीतला सोबती. तिथे जायचं ते मासे धरायला, आणि रंगपेटी बरोबर असायचीच.

गळवाला चित्रकार पाणी कसं पाहतो हे १८८९ च्या आसपासच्या त्याच्या जलरंगांत कळतं. उडी मारलेला ट्राउट मासा तो वरून दाखवत नाही. डोळा अगदी पाण्याच्या पातळीवर आणून ठेवतो, मासा अंगावर येतो आणि मागचं तळं गडद धूसर होऊन जातं. हवेत वळसा घेणारी गळाची दोरी तर बरेचदा रंगाने काढलेलीच नसते. रंग दिल्यावर टोकदार पात्याने कागद खरवडून पांढरी रेघ उघडी केलेली असते. एकदा ओरखडा पडला की पडला, पुसायची सोय नाही. दोरी फेकायचा सराव ज्या हाताला आहे त्याचंच ते काम.

ही चित्रं हातोहात खपली. घेणारे बहुतेक बोस्टन-न्यूयॉर्कचे पैसेवाले, त्यातले बरेच स्वतः गळवाले. त्यांना भिंतीवर अस्पर्श रान हवं होतं. होमरने ते दिलं, पण पुरतं नाही. ‘हंट्समन अँड डॉग्ज’ (१८९१) हे तैलचित्र पाहा. हरणाचं कातडं खांद्यावर टाकलेला तरुण शिकारी उभा आहे आणि त्याच्या मागची टेकडी बोडकी झालेली आहे. १८९२ च्या एका जलरंगाचं तर नावच ‘बर्न्ट माउंटन’. त्याच दशकात त्याने हडसन नदीतले ओंडके आणि त्यांवर चालणारी माणसंही रंगवली. म्हणजे ज्याला आपण आदिम जंगल समजतो, ते त्याने पाहिलं तेव्हाच निम्मं ओरबाडलेलं होतं.

ही तोड टप्प्याटप्प्याने झाली. आधी पांढरा पाइन गेला, मग स्प्रूस, दोन्ही सुईसारख्या पानांची झाडं. तसल्याच हेमलॉक झाडाची साल कातडी कमावायला लागे. साल सोलून घ्यायची आणि खोड बरेचदा तिथेच कुजायला सोडायचं. लाकडाच्या लगद्यापासून कागद बनू लागल्यावर बारकी झाडंही सुटेनात. हिवाळ्यात बर्फावरून ओंडके ओढून नदीकाठी रचत, बर्फ वितळून पूर आला की ते सोडून देत. प्रत्येक मालकाची खूण हातोड्याने ओंडक्याच्या तोंडावर उमटवलेली असे, आणि ग्लेन्स फॉल्सजवळ नदीवर आडव्या टाकलेल्या साखळदंडी अडसरापाशी खुणा पाहून वाटणी व्हायची. लहान ओढ्यांवर तात्पुरते बांध घालून पाणी साठवत आणि एकदम फोडून देत. त्या लोंढ्याबरोबर तळाची खडी खरवडून निघे. ब्रूक ट्राउट शरद ऋतूत त्याच खडीत अंडी घालतो. त्यात काठची सावली गेल्याने पाणी तापायचं, आणि पाणी वीस अंश सेल्सियसच्या वर गेलं की या माशाला तगणं जड जातं. जंगलतोड गळवाल्याच्या लगेच लक्षात येते ती अशी: टोपली रिकामी राहते.

तरी जंगल वाचवणारे कायदे मासा किंवा चित्र पाहून झाले नाहीत. व्हर्प्लँक कॉल्व्हिन नावाच्या सर्वेक्षकाने १८७२ पासून हा प्रदेश मोजायला घेतला आणि सरकारला बजावलं, की डोंगर बोडके झाले तर हडसन आणि ईरी कालव्याचं पाणी आटेल. कालवा म्हणजे न्यूयॉर्कचा व्यापार. व्यापारी जागे झाले! १८८५ मध्ये राखीव जंगलाचा कायदा आला, १८९२ मध्ये ॲडिरॉन्डॅक पार्क झालं, आणि १८९४ मध्ये राज्यघटनेतच कलम घातलं गेलं, की सरकारी राखीव रान कायम वन्यच राहील, तिथलं लाकूड विकता वा तोडता येणार नाही. कलम कडक होतं, पण खाजगी जमिनींना लागू नव्हतं, आणि तोड तर तिथेच चालू होती.

पुढचा तडाखा आगीचा. तोडणारे खोड नेत. शेंडे, फांद्या, सुया तशाच सोडून देत. हा पाचोळा दोन उन्हाळ्यांत वाळून खडखडीत होई. त्यातून आता रेल्वे धावू लागली होती आणि इंजिनांच्या धुराड्यातून ठिणग्या उडत होत्या. १९०३ च्या वसंतात पाऊसच आला नाही. एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत रान जळत राहिलं, चार लाखांहून अधिक एकर गेलं. हार्ट लेकवरचा ॲडिरॉन्डॅक लॉज हा नावाजलेला ओंडक्यांचा बंगला त्यातच खाक झाला. १९०८ च्या सप्टेंबरात लाँग लेक वेस्ट नावाची रेल्वे वसाहत जळून गेली. मग कुठे १९०९ मध्ये सरकार हललं: वणव्याच्या मोसमात इंजिनं दिवसा तेलावर चालवायची, तोडलेल्या झाडांचे शेंडे छाटून जमिनीला टेकवायचे म्हणजे ते लवकर कुजतील, आणि डोंगरमाथ्यांवर पहारे बसवायचे.

होमरने या सगळ्यावर भाषण केलं नाही की पत्रक काढलं नाही. त्याला आजच्या अर्थाने पर्यावरणवादी ठरवायची घाई मला पटत नाही. तो सभासद होता तो खाजगी क्लबचा. अशा क्लबांनी हजारो एकर अडवले, आणि जिथे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत होते तिथे त्यांनाच चोर ठरवलं. पण त्याच्या चित्रांत बाबूलोक जवळपास नाहीत. आहेत ते रूफस वॉलेससारखे दाढीवाले वाटाडे आणि लाकूडतोडे. उन्हाळ्यात पाहुण्याची होडी वल्हवणारा माणूसच हिवाळ्यात कुऱ्हाड घेऊन रानात जायचा, कारण दुसरा रोजगार नव्हता. जंगल तोडणारे आणि जपणारे अशी सरळ विभागणी या चित्रांत सापडत नाही, आणि माझ्या मते त्यांचं मोल तिथेच आहे.

१९१० च्या उन्हाळ्यात होमर शेवटचा क्लबवर गेला. त्याच सप्टेंबरात मेन राज्यातल्या प्राउट्स नेकला त्याचं निधन झालं. हडसनमधून ओंडके सोडणं मात्र १९५० पर्यंत चालू होतं.

आज पार्कची हद्द सुमारे साठ लाख एकर आहे, त्यातलं निम्म्याहून कमी सरकारी राखीव; उरलेल्यात नियमांखाली तोड चालते आणि त्यावरून वादही. धोक्याची दिशा मात्र बदलली आहे. होमर १८९० च्या दशकात कॅनडातल्या क्युबेकमध्येही गळ घेऊन जायचा. त्याच प्रांतातलं जंगल २०२३ च्या जूनमध्ये पेटलं आणि धूर सीमा ओलांडून न्यूयॉर्क शहरापर्यंत आला, भरदिवसा आकाश नारिंगी झालं. राज्यघटनेतलं कलम कुऱ्हाड अडवू शकतं, पण शेजारच्या देशातून येणारा धूर आणि तापलेलं पाणी अडवायचा कायदा न्यूयॉर्कच्या हातात नाही.