हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे

सोलापुरात घरातली आजी मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "कॅल्शियम कमी झालं असणार." मग गोळ्यांची बाटली येते. गोळ्या गरजेच्या असू शकतात, पण हाडाचं बळ नुसत्या कॅल्शियमवर तोललेलं नसतं. हे कळायला माणसाला फार काळ लागला.

एक फार जुनी बारीक नजर आपल्याकडचीच. सुश्रुतसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, हाडांचे पाच प्रकार धरले आहेत आणि कोणतं कसं निकामी होतं तेही सांगितलं आहे: कूर्चेसारखी तरुणास्थी वाकतात, नळीची हाडं मोडतात, कवटीसारखी चपटी तडकतात, दात फुटतात. आकार आणि घडण बदलली की मोडण्याची तऱ्हा बदलते, ही जाण त्यात स्पष्ट आहे.

युरोपात १६३८ साली गॅलिलिओने दोन गोष्टी मांडल्या. प्राणी मोठा झाला की त्याचं हाड त्याच प्रमाणात वाढवून भागत नाही, ते जास्तच जाड करावं लागतं. आणि तेवढ्याच मालाची भरीव कांडी करण्यापेक्षा पोकळ नळी केली तर ती वाकायला जास्त विरोध करते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर आता क्वचितच दिसणारा माळढोक पक्षी घ्या. नर पंधरा किलोपर्यंत भरू शकतो, तरी उडतो. पक्ष्यांच्या पोकळ हाडांमागे हाच हिशेब आहे. पुढे १६९१ मध्ये क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्लिश डॉक्टरने हाडातून जाणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचं वर्णन केलं. त्यांना आजही त्याचंच नाव आहे.

खरी कलाटणी झुरिकमध्ये मिळाली. हर्मान फॉन मायर हा शरीररचनेचा प्राध्यापक. मांडीच्या हाडाचं वरचं टोक उभं कापल्यावर आतल्या जाळीदार भागात त्याला कमानीसारख्या रेषा दिसत होत्या. कार्ल कुलमान या स्थापत्य अभियंत्याने त्या पाहिल्या आणि ओळखल्या. वाकड्या मानेच्या क्रेनवर भार आला की ताण आणि दाब ज्या वाटांनी जातात, त्या वाटा तो कागदावर काढत असे, आणि या रेषा तशाच होत्या. मायरने हे १८६७ मध्ये छापलं. वैद्याला जे दिसत होतं त्याचा अर्थ अभियंत्याने लावला; मला हा प्रसंग या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये त्यावरून नियम केला: हाडावर भार जसा पडतो तशी त्याची घडण बदलते. त्याचं काटेकोर गणित पुढे टिकलं नाही, गाभा मात्र टिकला. टेनिसपटूचा खेळता हात हाडानेही जाड असतो, आणि अंतराळवीराच्या खुब्यातलं खनिज महिन्याला एक टक्क्याहून अधिक घटू शकतं.

विसाव्या शतकात क्ष-किरणांनी आतला माल उघड केला. १९२६ मध्ये हाडातलं खनिज अॅपटाइट जातीचं, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, असल्याचं दिसलं. १९५४ मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजेन या प्रथिनाची तीन साखळ्यांच्या पिळाची रचना मांडली. वजनाने हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज, उरलेलं मुख्यतः कोलॅजेन आणि पाणी. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा: खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. उलट जाळलं तर आकार राहतो, पण बोटाने चुरा होतो. खनिजामुळे ताठपणा येतो, कोलॅजेनमुळे चिवटपणा.

दोन्ही नुसते एकत्र कालवून हाड होत नाही. कोलॅजेनच्या तंतूंत काही नॅनोमीटर जाडीचे स्फटिक बसलेले असतात, तंतूंचे थर होतात, आणि चादरीतल्या उभ्या-आडव्या धाग्यांसारखी एकेका थरातली दिशा बदलत जाते. हे थर वाहिनीभोवती गुंडाळलेले असतात. त्यामुळे नळीच्या हाडाचा घट्ट भाग लांबीच्या दिशेने दाबला तर सुमारे २०० मेगापास्कल (दाब-ताण मोजायचं एकक) सोसतो, ओढला तर १३०, आणि आडवा ओढला तर जेमतेम ५०. तडा गेलाच तर तो थरांच्या सीमेवर वळतो, सरळ आरपार जात नाही. शिवाय पेशी तो तडा हेरतात, जुना भाग खातात आणि नवा भरतात. प्रौढ माणसाचा जवळपास दहावा हिस्सा सांगाडा दर वर्षी असा नव्याने घडतो.

हे काम भार मागतं आणि ड जीवनसत्त्वही. सोलापूरच्या उन्हाला तोटा नाही, पण दिवसभर घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगावर ते पडतंच असं नाही, आणि बैठ्या कामात पायांच्या हाडांवर भारही कमी येतो. तिला चालण्याचा सल्ला गोळीइतकाच ठामपणे द्यायला हवा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी उपयोगी आहे, जरूर करावी. मात्र ती खनिज मोजते. कोलॅजेनची प्रत आणि थरांची मांडणी तिला दिसत नाही. म्हणूनच अहवाल बरा असलेल्या अनेकांचीही हाडं साध्या पडण्याने मोडतात.