‘लेस्टरला येऊ नका’: युगांडाच्या आशियाई कुटुंबांमागचा इतिहास

सप्टेंबर १९७२ मध्ये कंपालाच्या ‘युगांडा आर्गस’ या दैनिकात एक जाहिरात छापून आली. ती दिली होती इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगरपरिषदेने, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने देशाबाहेर काढलेल्या आशियाईंना उद्देशून. भाषा अगदी सभ्य. घरांसाठी हजारो कुटुंबं रांगेत आहेत, शाळांत जागा नाही, आरोग्यसेवेवर ताण आहे. तेव्हा तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. आज तेच शहर बेलग्रेव्ह रोडवरची दुकानं आणि तिथली दिवाळीची रोषणाई मिरवतं. ब्रिटनमध्ये स्थलांतरितांवरून वाद पेटला की युगांडाच्या आशियाईंचा दाखला हमखास निघतो: कष्टाळू, शिकलेले, सरकारवर भार न टाकणारे. कौतुक खोटं नाही. पण ते करताना बरंच काही वगळलं जातं.

ही माणसं युगांडात पोहोचली ती ब्रिटिश साम्राज्याच्याच गरजेपोटी. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले, बहुतेक परतले, काही हजार राहिले. लोहमार्गाच्या मागोमाग गुजरातेतल्या कच्छ-काठियावाडचे, चरोतरचे व्यापारी आत शिरले. सरकारी कचेऱ्यांतली कारकुनी बरीचशी गोवेकरांकडे होती; कंपाला आणि एन्टेबीत त्यांचे स्वतःचे क्लब होते.

वसाहतीची उतरंड ठरलेली होती: वर गोरा अधिकारी, मधे आशियाई, खाली आफ्रिकी शेतकरी. कापूस पिकवायचा आफ्रिकी माणसाने, सरकी काढायचे कारखाने मात्र आशियाईंच्या हाती. तो राग जुनाच होता. १९५९ मध्ये बुगांडा या युगांडातल्या जुन्या राज्यात आशियाई दुकानांवर मोठा बहिष्कार पडला, तेव्हा इदी अमीन सत्तेच्या जवळपासही नव्हता. सगळं खापर एका माथेफिरू हुकूमशहावर फोडणं सोयीचं असतं, म्हणून हे सांगायला हवं.

१९६२ मध्ये युगांडा स्वतंत्र झाला. अनेकांनी नवं नागरिकत्व घेतलं, तर अनेकांनी ब्रिटिश पासपोर्ट जपून ठेवला. अडचणीच्या वेळी तोच कामी येईल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला १९६८ मध्ये. केनियातून आशियाई कुटुंबं ब्रिटनला येऊ लागताच हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने संसदेत जेमतेम तीन दिवसांत एक कायदा मंजूर करून घेतला. स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म ब्रिटनमधला नसेल, तर ब्रिटिश पासपोर्ट असूनही थेट प्रवेश नाही. कायद्यात कातडीच्या रंगाचा उल्लेख नव्हता, पण कोण अडणार आणि कोण सुटणार हे सगळ्यांना कळत होतं. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरोधातलं ते कुप्रसिद्ध भाषण केलं. पाच वर्षांनी युरोपीय मानवाधिकार आयोगाने पूर्व आफ्रिकेतल्या अशा अर्जदारांबाबत निष्कर्ष काढला की ही वागणूक वंशभेदी आणि माणसाला हीन लेखणारी होती.

४ ऑगस्ट १९७२ रोजी अमीनने आशियाईंची हकालपट्टी जाहीर केली. मुदत ९० दिवसांची. कागदपत्रांच्या तपासणीत कित्येकांचं युगांडाचं नागरिकत्वही क्षुल्लक त्रुटींवरून रद्द झालं, त्यामुळे काही घरांत नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची आणि मुलं कुठलीच नाहीत, अशी अवस्था झाली. ब्रिटनमध्ये एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने मात्र, स्वपक्षातला विरोध पत्करून, पासपोर्टधारकांची जबाबदारी घेतली. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले. त्यांची सोय जुन्या लष्करी तळांवर केली होती. सरकारच्या पुनर्वसन मंडळाने लेस्टरसारखी शहरं ‘लाल’ ठरवून तिथे जाऊ नका असं सांगितलं, तरी बरेच जण तिथेच गेले. आप्त तिथे होते, काम तिथे होतं.

काम म्हणजे लगेच स्वतःचं दुकान नव्हे. कंपालात पेढी चालवणारे लेस्टरमध्ये होजिअरीच्या पाळ्यांवर उभे राहिले. मे १९७४ मध्ये तिथल्या इम्पीरियल टाइपरायटर्स कारखान्यात आशियाई कामगारांनी बोनसच्या हिशेबातल्या भेदभावावरून संप केला. त्यात पूर्व आफ्रिकेतून आलेले बरेच होते, बायकाही होत्या. त्यांच्याच कामगार संघटनेने संपाला मान्यता दिली नाही, आणि नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे लोक संपाविरुद्ध रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला. गौरवाच्या भाषणांत औषधांची दुकानं आणि कोट्यधीश येतात, हा संप फारसा येत नाही.

माझ्या मते या कौतुकातली खरी गोम वेगळी आहे. ‘त्यांनी देशाला किती दिलं’ असं विचारताना त्यांच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट आधीपासून होता, हेच विसरलं जातं. त्यांचा प्रवेशाचा हक्क भविष्यातल्या नफ्यातोट्यावर अवलंबून नव्हता. शिवाय ही यशोगाथा आज दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या निर्वासितांना हिणवायला वापरली जाते. युगांडाहून साठच्या दशकातच ब्रिटनला आलेल्या गुजराती कुटुंबातल्या प्रीती पटेल २०२० मध्ये गृहमंत्री होत्या. शिक्षण, पगार अशा गोष्टींना गुण देऊन प्रवेश ठरवणारी नवी पद्धत त्यांनीच मांडली. हे नियम तेव्हा असते तर तुमच्या आईवडिलांना प्रवेश मिळाला असता का, असं रेडिओवरच्या मुलाखतीत विचारल्यावर, कदाचित मिळाला नसता, हे त्यांना मान्य करावं लागलं.