घरी काढलेला कृष्णधवल पोर्ट्रेट: रंगीत मूळ फाइलच का मागतो?

(पोर्ट्रेट घरी काढून प्रिंट आणि फ्रेमसाठी आमच्या स्टुडिओत देणाऱ्या ग्राहकांसाठी)

नाटकाच्या ऑडिशनला, पुस्तकाच्या मलपृष्ठावर, कंपनीच्या वेबसाइटवर किंवा घरातल्या ज्येष्ठांची तसबीर म्हणून हल्ली कृष्णधवल फोटो बरेच जण मागतात आणि पुष्कळदा तो घरीच काढून आणतात. फोटो चांगले असतात. घोटाळा होतो तो पाठवताना. फोटोवर आधीच ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर मारलेला असतो आणि तो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकलेला असतो. मग आम्ही फोन करून मूळ रंगीत फाइल मागतो आणि ती शोधण्यात तुमचे दोन दिवस जातात. तोवर ती डिलीट झाली असेल, तर १२×१८ इंचाची फ्रेम मनासारखी होत नाही.

फिल्टर मारलेली फाइल का चालत नाही

तयार फिल्टर रंगांचं करड्या छटांत रूपांतर एका ठरलेल्या प्रमाणात करतो: साधारण लाल ३०, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के. समोर कोणाचा चेहरा आहे, अंगावर कोणतं कापड आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे गडद लाल आणि बाटली हिरवा हे एकमेकांपासून इतके वेगळे रंग करड्याच्या जवळजवळ एकाच छटेत येतात. हिरव्या साडीचे लाल काठ साडीतच विरतात. कुंकू मध्येच कुठेतरी पुसटसं दिसतं. रंगीत फाइल हातात असेल, तर फक्त लाल खाली आणून काठ आणि कुंकू ठसठशीत करता येतात, हिरवा थोडा वर घेऊन साडी उजळ ठेवता येते. रंग एकदा गेला की ही सोय संपली. करड्या फाइलमध्ये कुठला करडा लालाचा आणि कुठला हिरव्याचा, हे सांगायला काहीच उरत नाही.

दुसरा प्रश्न आकाराचा. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला, तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३०० डीपीआयने, म्हणजे प्रिंटच्या एका इंचात ३०० ठिपके धरून, त्याचे जेमतेम सव्वापाच इंच होतात. ‘एचडी’ निवडलं तरी फाइल दाबली जातेच. १२ मेगापिक्सेलच्या फोनची मूळ फाइल ४०३२×३०२४ असते आणि तिच्यातून ८×१२ किंवा १२×१८ नीट निघतं. शिवाय दाबलेल्या जेपेगमध्ये रंगाची माहिती आणखी पातळ होते. अशा फाइलवर आम्ही रंगांचे स्लायडर (एकेक रंग उजळ-गडद करायच्या सरकपट्ट्या) हलवले, की गालावर आणि कपाळावर बारीक चौकोन उमटतात.

म्हणून फोटो पाठवताना पिनच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ निवडून फाइल पाठवा, ड्राइव्हची लिंक द्या, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन या. फाइल एचईआयसी (HEIC, आयफोनचा फोटो प्रकार) किंवा रॉ (RAW, कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असेल तर तशीच राहू द्या. फोनच्या गॅलरीतच फिल्टर मारला असेल तर घाबरू नका. आयफोनमध्ये आणि गूगल फोटोजमध्ये एडिट उघडून ‘रिव्हर्ट’ केलं, की बहुतेक वेळा रंग परत येतात. स्क्रीनशॉट मात्र पाठवू नका.

फोटो काढताना

महागडा कॅमेरा नसला तरी चालतं, खिडकी मात्र चांगली हवी. थेट ऊन न येणारी खिडकी किंवा बाल्कनीचं दार निवडा. ऊन येतच असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. बसणाऱ्याचं स्टूल खिडकीपासून तीन-चार फुटांवर ठेवा आणि चेहरा खिडकीकडे अर्धवट, साधारण ४५ अंशात वळवा. दुसऱ्या बाजूला दोन-तीन फुटांवर थर्माकोलची पांढरी शीट किंवा दोरीवर टाकलेली पांढरी चादर असू द्या. ती जवळ आणली की सावली उजळते, लांब नेली की गडद होते. मागची भिंत पाठीपासून चार-पाच फूट लांब हवी. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारचा उजेड चेहऱ्याला फार छान असतो, फक्त तो कमी पडतो, म्हणून हात टेकवून किंवा ट्रायपॉडवर काढा.

घरातली ट्यूब आणि बल्ब बंद करा. फोटो कृष्णधवल होणार, मग काय फरक पडतो, असं अनेक जण विचारतात. पडतो. पिवळ्या बल्बच्या बाजूचा गाल केशरी आणि खिडकीकडचा निळसर येतो. मग केशरी स्लायडर हलवला की एकच गाल उजळतो.

फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची (वाइड) असते. जवळ जाऊन काढलं, तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फुटांवर उभे राहा आणि २एक्स वापरा. पोर्ट्रेट मोड आणि ब्यूटी बंद ठेवा. पोर्ट्रेट मोड केसांच्या बटा आणि चष्म्याच्या काड्या कापतो, ब्यूटी त्वचेचा पोत पुसतो. कृष्णधवल फोटोला रंगाचा आधार नसतो, तिथे पोतच बोलतो. कॅमेरा असेल तर ५० किंवा ८५ एमएम लेन्स, ॲपर्चर एफ/४ च्या आसपास, शटर १/१२५ किंवा त्याहून वेगवान, फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. कपाळाची चकाकी आधी टिश्यूने टिपा, पांढरा फटक पडलेला डाग नंतर भरून येत नाही.

स्वतः एडिट करायची हौस असेल तर

जरूर करा, पण मूळ फाइलच्या कॉपीवर करा आणि दोन्ही फाइल द्या. लाइटरूम या एडिटिंग ॲपमध्ये ‘बी अँड डब्ल्यू’ केल्यावर आठ रंगांचे स्लायडर मिळतात. स्नॅपसीड ॲपमध्ये कृष्णधवलसाठी रंगीत फिल्टर निवडता येतो. गोरी, गव्हाळ, सावळी, कुठलीही त्वचा मुख्यतः केशरी आणि लाल पट्ट्यातच येते. केशरी +१० ते +२० पुरतो. लाल –१० ते –२० केला की ओठांना आकार येतो. त्याखाली गेलात तर मुरुमं आणि दाढीच्या खुणा काळ्या पडतात.

चेहरा गोरा दिसावा म्हणून केशरी +६०, +८० पर्यंत नेलेल्या फाइल आमच्याकडे नेहमी येतात. त्यात गालाची गोलाई जाते, जबड्याच्या कडेला पांढरी रेघ उठते आणि भगवा फेटा किंवा हळदी साडीही सोबत फिकी पडते. ‘जरा गोरं करून द्या’ ही विनंती आम्ही नाकारतो, याचा राग नसावा. सावळ्या चेहऱ्यावर उजेड आणि सावली यांच्यामध्ये इतक्या छटा मिळतात, की त्या पुसून टाकणं आम्हाला पटत नाही. डोळ्यांत उजेड आणायचा असेल तर तो जरूर आणू.

आमच्याकडे काय होतं

रंगीत मूळ फाइल आली, की कृष्णधवल रूपांतर आम्ही प्रिंटच्या दरातच करतो, वेगळे पैसे घेत नाही. ८×१२ आणि त्याहून मोठ्या प्रिंटसाठी आधी ४×६ ची चाचणी प्रिंट काढतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. पण रंगीत कागदावर काढलेल्या कृष्णधवल प्रिंटला हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते आणि ती फोनवर कळत नाही. फोनचा ब्राइटनेस पूर्ण असेल तर काळे केस तिथे उजळ दिसतात आणि प्रिंटमध्ये एकजीव काळे होतात. चाचणी प्रिंट दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहा, ट्यूबखाली नको. काचेच्या फ्रेमसाठी मॅट कागद सुचवतो, पोर्टफोलिओसाठी लस्टर (हलकी चमक असलेला), कारण त्यात काळा अधिक खोल येतो.

कापणीसाठी जागा ठेवा. फोनचा फोटो ३:४ असतो. त्यातून ८×१० काढताना उंची सहा टक्के कापली जाते, ८×१२ काढताना रुंदी अकरा टक्के. डोक्यावर चार बोटं आणि खांद्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असू द्या.

ऑडिशनची किंवा कार्यक्रमाची तारीख जवळ आली असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. रंगीत फाइल सकाळी ११ च्या आत मिळाली, तर चाचणी प्रिंट त्याच दिवशी संध्याकाळी पाहायला मिळते.